बसलिंगप्पा काकांनी न नेलेलं पाकीट

लग्नाला जायचा मला मनस्वी कंटाळा. तो लाऊडस्पीकर, ती उन्हातली वरात, आणि "ओळखलंस का गं?" म्हणत समोर उभ्या ठाकणाऱ्या बायका. पण आहेर तर पोचला पाहिजे. नाहीतर लोक नावं ठेवतात, आणि आमच्या शुक्रवार पेठेत एकदा ठेवलेलं नाव सहजासहजी पुसलं जात नाही. या पेचातून आमची अख्खी गल्ली सोडवायचे बसलिंगप्पा काका.

काकांचा उभा जन्म चाटी गल्लीतल्या साडीच्या दुकानात गादीवर बसून गेला. निवृत्त झाल्यावर त्यांनी लग्नं धरली. ज्याला जायचं नसेल त्यानं पाकीट काकांच्या हाती द्यावं आणि निवांत झोपावं. पाकिटात किती आहे हे ते कधी विचारत नसत. वरचा रुपया चिकटवलाय का, एवढं मात्र अंगठ्यानं चाचपून बघायचे. नसला तर स्वतःच्या खिशातला लावायचे आणि देणाऱ्याला चार शब्द ऐकवायचे. दुकानाच्या जुन्या कापडी पिशवीत सगळी पाकिटं उभी ठेवायचे, कारण आहेराची नोट मुडपलेली त्यांना खपत नसे. नवरीकडचं पाकीट नवरीच्याच हातात द्यायचं, देणाऱ्याचं नाव घेऊन, "तब्येत बरी न्हाय, न्हायतर आली असती" असं माझ्यासाठी खुशाल खोटं बोलून. आणि शेवटचं पाकीट पोचल्याशिवाय काका पानावर बसत नसत. पानातली गव्हाची गोड हुग्गी थंड झाली तरी चालेल.

परत आले की दारोदार जाऊन वृत्तांत. नवरी कशी दिसत होती, सासू कुणाशी बोलली नाही, शालू खरा की नुसताच चकाकणारा. शालूच्या बाबतीत तर काकांची जीभ म्हणजे कात्रीच! ते सगळं ऐकून मला वाटायचं, जाऊन आले असते तरी एवढं दिसलं नसतं.

मग पत्रिकांच्या तळाला ते क्यूआर कोडचं चौकोनी जाळं छापून यायला लागलं. आहेर करायचाय? फोन धरा, आकडा टाका, झालं. वीजबिल भरावं तसा आशीर्वाद! मला याची भयंकर चीड आली, पण खोटं कशाला बोलू, सोय म्हणून दोनदा मीही तेच केलं. गल्लीनंही केलं. काकांची पिशवी खुंटीला लागली ती लागलीच. म्हातारा बाहेरच्या कट्ट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचा, "काय, कुटं लगीन-बिगीन?"

अशात धनलक्ष्मीच्या मुलीचं, श्रावणीचं लग्न निघालं. धनलक्ष्मी आमच्याच गल्लीतली, माझी लहानपणची मैत्रीण, होटगीला दिलेली. श्रावणीच्या लग्नाला मात्र मी जाणारच होते. प्रश्न होता धनलक्ष्मीच्या धाकट्या भावाचा, सिद्धलिंगचा. आई गेली, आणि सुतकाचे दिवस पुरे होतात न होतात तोच त्यानं घराच्या हक्कसोडीचे कागद बहिणीपुढे ठेवले होते. तिनं तिथल्या तिथं सही केली आणि त्यानंतर माहेरचा उंबरा ओलांडला नाही. अक्षत द्यायलाही ती आली नाही. पत्रिका तेवढी फोनवर धाडली.

लग्नाच्या आदल्या दिवशी सिद्धलिंग काकांच्या कट्ट्यावर आला. मी तिथंच शेंगा निवडत होते. त्याच्या हातात जाडजूड पाकीट होतं, वर रुपया नीट चिकटवलेला.

"काका, एवढं पोचवा. मामाचा आहेर फोनवरनं कसा धाडू?"

काकांचा चेहरा उजळला. किती महिन्यांनी पाकीट आलं होतं! हात पुढं झाला, आणि तसाच मागं गेला.

"मी न्हाय नेणार."

"का ओ?"

"येडा हायस का बे? मामाचा आहेर दुसऱ्याच्या हातानं जात नसतोय. उद्या सकाळी रिक्षा सांगतो. तू यायचं."

"ती हाकलून दिली तर?"

"दे की हाकलून. मी हाय की संगट."

दुसऱ्या दिवशी रिक्षात आम्ही तिघं. काकांच्या मांडीवर रिकामी पिशवी. सिद्धलिंग वाटभर पाकिटावरचा रुपया चाचपत होता. मंडपात शिरल्यावर तो चपलांच्या ढिगापाशीच उभा राहिला, पुढं पाऊल टाकेना. अक्षतांची वेळ झाली. लग्न लावणाऱ्या स्वामींनी माईकवरून हाक दिली, "नवरीच्या मामांनी नवरीच्या पाठीमागं उभं राहावं." मंडपातल्या माना इकडंतिकडं वळल्या. धनलक्ष्मी मान खाली घालून उभी होती. "चुलत मामा कुणी हाय का बगा," कुणीतरी पुटपुटलं.

"काका, तुमीच द्या की पाकीट, मी जातो," सिद्धलिंग कुजबुजला.

काकांनी या वेळी पाकीट घेतलं, पिशवीत उभं ठेवलं आणि त्याच्या पाठीला हात लावून त्याला पुढं ढकललं. "हात मोकळं झालं न्हवं? आता हो उभा."

तो गेला. श्रावणीच्या पाठीमागं खांदे पाडून उभा राहिला. श्रावणीनं मान वळवून बघितलं आणि हसली. धनलक्ष्मीनं बघितलं आणि पदर तोंडाला लावला. अक्षता पडल्या. मला तर समोरचं काही दिसेचना.

नंतर काकांनी पाकीट धनलक्ष्मीच्या हातात दिलं. "सिद्धलिंगकडनं," नेहमीसारखं नाव घेऊन.

ती पाकिटाकडं बघत राहिली. "त्याला सांगा काका, जेवल्याबिगर जायचं न्हाय म्हणावं."

"मी न्हाय सांगणार. तुज्या तोंडानं सांग."

आता मला काकांचाही राग आला. एवढा निरोप न्यायला काय झिजणार होते? धनलक्ष्मीनं मंडपाच्या दाराकडं बघितलं. सिद्धलिंग चपला शोधत होता.

"ए सिद्या!" ती तिथूनच ओरडली, लहानपणी गल्लीत ओरडायची तशी. "कुटं निगालास बे? जेव की आदी!"

त्यानं हातातली चप्पल खाली टाकली.

काकांनी पिशवीची घडी करून काखेत मारली आणि पंगतीत जागा धरली. "वाढा," ते म्हणाले.