माझ्या मालकीच्या सात गाड्या

तमाम जनतेस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, नाशिकमधल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी असताना माझ्या मालकीच्या एकूण सात मोटारी होत्या, आणि त्यांपैकी सहा मोटारींबद्दल मला स्वतःला काहीही माहिती नव्हती.

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, घरफोड्या तर मोजल्याही नाहीत. तरी चार माणसं जमली की मला आठवतं ते हेच प्रकरण. मी सुरुवात केली की बायको चहा टाकायला उठते. चहा कोणी मागितलेला नसतो.

सकाळची हजेरी झाली होती, बंदोबस्ताची वाटणी झाली होती आणि मी स्टेशन डायरीवर सही करत होतो. ठाणे अंमलदार आत आला आणि दाराशीच उभा राहिला.

"साहेब, एक कुटुंब आलंय. तुमची गाडी घ्यायचीय म्हणतात."

"कुठली गाडी?"

"ते विचारायची माझी हिंमत झाली नाही."

नवरा, बायको आणि त्यांची मुलगी आत आले. शहराच्या कडेला त्यांची शेवंती आणि झेंडूची शेती. पहाटे फुलं भाड्याच्या पिकअपमधून बाजारात जायची. मुलगी लहानपणापासून कुबड्यांवर चालणारी. बारावी झाली होती, शहरातल्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता, आणि कॉलेज सुरू व्हायला पंधरा दिवस उरले होते.

"बसची पायरी माझ्या कमरेएवढी आहे," मुलगी शांतपणे म्हणाली. "रोज कोणीतरी उचलून चढवणार असेल तर मी जाणार नाही. मी घरी सांगून टाकलंय."

आई तिच्याहून स्पष्ट होती. "म्हणून गाडी बघतोय सायेब. चालवायला मी शिकले, लायसन हाय. पैसे एका जुन्या गाडीपुरते हायेत. एकदाच घेता येईल. ती बिघडली तर पोरीचं कॉलेज तिथंच थांबलं."

"मग माझ्याकडे कशा आलात?"

"तुमचीच गाडी ना ती? पांढरी. दलालानं तुमचं नाव सांगितलं, ठाणं सांगितलं. आता आमच्याकडं गाय घ्यायची म्हणजे आधी गोठा बघायला जातात. गोठा साफ असला तर गाय नीट ठेवलेली असती. म्हटलं, इसार द्यायच्या आधी गाडीवाल्या सायबांचा गोठा बघून घ्यावा."

असं म्हणून तिने माझ्या केबिनचं छत, फायलींचे गठ्ठे आणि खिडकी नजरेखालून घातली.

"काय दिसलं?" मी विचारलं.

"जळमटं लय हायेत."

नवरा जमिनीकडे बघू लागला. ठाणे अंमलदाराला अचानक खोकला आला.

माझी एकच गाडी होती. छोटी, निळी, घराच्या पार्किंगमध्ये उभी. पांढरी गाडी मी जन्मात घेतली नव्हती. त्या कुटुंबासोबत साध्या वेशात दलालाकडे जायचं ठरलं. माझ्यासोबत आमच्या ठाण्याच्या महिला उपनिरीक्षक होत्या. त्या मुलीची मावशी झाल्या आणि मी मामा. मी डोक्यावर टोपी घातली, खिशाला पेन लावलं आणि चेहऱ्यावर जमेल तेवढा भोळेपणा आणला. उपनिरीक्षक बाई म्हणाल्या, "सर, भोळेपणा थोडा कमी करा, संशय येतोय."

दिंडोरी रस्त्याला पत्र्याच्या शेडपुढे दहा-बारा गाड्या लावलेल्या होत्या. दलाल हसतमुख, पांढऱ्या बुटातला. त्याने मला खुर्ची दिली आणि माझीच ओळख करून द्यायला सुरुवात केली.

"मामा, ही साहेबांची गाडी. घर ते ठाणं, ठाणं ते घर. पावसात तर बाहेरच काढली नाही."

"मग पावसात साहेब ठाण्यात कसे जायचे?"

"सरकारी जीप कशाला असते?"

उत्तर बिनतोड होतं, हे मला मान्य करावं लागलं.

"पण कागदावर नाव वेगळंच दिसतंय," मी म्हणालो.

त्याने आवाज खाली आणला. "साहेब लोक स्वतःच्या नावावर घेतात का मामा? समजून घ्या ना."

मी समजून घेतलं. तीस वर्षं एक रुपया इकडचा तिकडे केला नव्हता, आणि एका वाक्यात माणसाने माझा निकाल लावला. तरी मी हसलो. आयुष्यातला माझा सर्वांत अवघड अभिनय तोच.

मग मी गाडी पाहिली. मीटरवर किलोमीटर फारच कमी होते; पण क्लचच्या पेडलचं रबर पार गुळगुळीत झालेलं. माणूस वय लपवतो तेव्हा चेहऱ्याकडे बघू नये, हातांकडे बघावं, हे मी चौकशांमध्ये शिकलो होतो. बॉनेटवर तळवा ठेवला. गरम. म्हणजे आम्ही यायच्या आधीच इंजिन तापवून ठेवलं होतं. थंड असताना ते सुरू व्हायला कुरकुरत असणार.

मी माझ्या हुशारीवर खूश होतो. तेवढ्यात मुलीच्या आईने मागच्या सीटखालची मॅट वर केली, वाकून पाहिलं आणि बोट घासलं. बोटाला निळसर पूड लागली.

"हे मोरचूद हाय."

"काय?" दलाल म्हणाला.

"माझं माहेर द्राक्षवाल्यांचं हाय दादा. बागेत फवारतात ते निळं औषध. लोखंडी बादलीत कालवलं तर बादली खातं." तिने केसातली पिन काढून तळाच्या पत्र्यावर टेकवली. पिन आरपार गेली. "ह्या गाडीत बागेची पिंपं वाहिलीत. सायेब द्राक्षं लावतात काय?"

पिनेच्या त्या भोकातून खालची खडी दिसत होती. त्याच पत्र्यावर पाय ठेवून ती मुलगी रोज कॉलेजला जाणार होती.

दलाल डगमगला नाही. "थांबा, साहेबांनाच विचारतो." त्याने मोबाइल कानाला लावला. "नमस्कार साहेब... हो साहेब... शेतकरी माणसं आहेत साहेब..." माझा फोन माझ्या खिशात शांत होता.

"काय म्हणाले साहेब?" मी विचारलं.

"म्हणाले, गरिबांना त्रास नको, थोडं कमी करून टाक."

"भला माणूस दिसतो."

"देवमाणूस आहे, मामा."

मी खिशातून ओळखपत्र काढून त्याच्यापुढे धरलं. त्याने नाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा नाव वाचलं आणि त्याच पांढऱ्या गाडीच्या बंपरवर हळूच बसला. बंपर एका बाजूने निखळला. पंचनाम्यात तेही नोंदवलं.

माझंच नाव गुंतलेलं असल्यामुळे मी साक्षीदार झालो आणि तपास उपनिरीक्षक बाईंकडे गेला. चौकशीत दलालाने सुरुवातीला 'गैरसमज झाला' हे एकच पालुपद धरलं होतं. बाईंनी गाड्यांचा विषयच सोडला. त्याच्यापुढे चहा ठेवला आणि सहज विचारलं, "सगळे दलाल डॉक्टरची गाडी म्हणतात, मास्तरांची म्हणतात. तुम्हाला पोलीसच का सुचला?"

स्वतःच्या डोक्याचं कौतुक झालं की माणूस खुलतो. तोही खुलला.

"मॅडम, डॉक्टरकडे लोक जाऊन विचारतात. मास्तरकडे पण जातात. पोलीस ठाण्यात कोण जाऊन विचारणार, की साहेब, ही गाडी तुमची का? बाहेरच्या फलकावरून नाव घेतलं. पाच गाड्या गेल्या, एकजण तुमच्या दारात आला नाही."

त्यानंतर तो थांबला नाही. मीटर मागे फिरवून देणारा माणूस कोण, गाड्या कुठून यायच्या, पत्र्यावर रंग कोण मारायचा, सगळं सांगितलं. पाचही कुटुंबं शोधली, त्यांचे जबाब झाले, फसवणुकीचा गुन्हा उभा राहिला आणि पुढे कोर्टात टिकला. आमच्या ठाण्याची पाठ थोपटली गेली. मी ती थोपटू दिली, आणि छातीही थोडी पुढे काढली.

पण त्याचं ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. त्या माणसाचं खरं भांडवल गाड्या नव्हत्या. लोक आमच्या पायऱ्या चढायला घाबरतात, हे त्याचं भांडवल होतं. पाच घरं फसली, कारण पाच घरांना आमची भीती वाटली. सहाव्या घरातली बाई आली, कारण तिच्या लेखी ठाणं म्हणजे गोठा होता आणि गोठा बघणं हा गिऱ्हाइकाचा हक्क होता. दुसऱ्याच दिवशी मी जळमटं काढून घेतली आणि दाराशी एक बाक ठेवलं. नुसती चौकशी करायला आलेल्या माणसाला तिथं बसवून आधी पाणी द्यायचं, असा तोंडी आदेश काढला. नोकरीतला माझा सर्वांत चांगला आदेश तोच, असं मला अजून वाटतं.

राहिली मुलगी. तपास चालू होता तोवरच कॉलेजला चार दिवस उरले होते. माझी निळी गाडी मला तशीही विकून टाकायची होती. वरिष्ठांना लेखी कळवलं. त्यांनी अट घातली, किंमत तुम्ही सांगायची नाही, त्रयस्थ गॅरेजवाला सांगेल. त्याने सांगितली. ती त्या कुटुंबाला परवडली आणि मला थोडी लागली.

रविवारी सकाळी तिघे माझ्या घरी आले. मी इस्त्रीचा शर्ट घालून पार्किंगमध्ये उभा. आईने बॉनेटवर हात ठेवला. थंड. चावी फिरवली, पहिल्या फटक्यात इंजिन सुरू. पिन काढून पत्रा टोचला, पिन वाकली. माझ्या चेहऱ्यावर काय भाव होते ते सांगायला नको. मुलगी स्वतः दार उघडून पुढच्या सीटवर बसली, कुबड्या मागे सरकवल्या, पट्टा लावला आणि दार स्वतःच ओढून घेतलं. बापाने तोंड दुसरीकडे वळवलं.

मग आईने सवयीने मागची मॅट उचलली. खाली शेंगांची टरफलं, सांडलेला चिवडा, पार्किंगच्या पावत्या आणि कुठल्यातरी दसऱ्याचा वाळून काळा पडलेला हार. तिने तो हार दोन बोटांत धरून वर उचलला, आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बायकोकडे, आणि तिच्या तोंडून निघून गेलं,

"सायेब, त्या चोट्ट्यानं निदान गाडी धुतली तरी व्हती."