बॉर्डरवाली मॅडम

इंदौरकडच्या आमच्या शहरात, नानाखेड्याच्या एका खाजगी शाळेत मी विज्ञान शिकवायचे. आठवी, नववी, दहावी. ‘शिकवायचे’ हा शब्द लिहितानाही माझं तोंड कडू होतं, कारण ती नोकरी मी सोडलेली नाही आणि मला कुणी काढलेलंही नाही. मी आजही त्याच शाळेत जाते, त्याच रजिस्टरवर सही करते. फक्त वर्गात जात नाही.

सुरुवात अगदी फालतू गोष्टीनं झाली. सहामाहीचे निकाल ऑफिसच्या बाबूनं काँप्युटरवर केले आणि छापून नोटीस बोर्डावर लावले. छापील कागदावर एकही रेघ नव्हती. नुसती नावं आणि त्यांच्यापुढे सैरावैरा पसरलेले आकडे. एका पालकानं दुसऱ्याच्या मुलाचे गणिताचे मार्क आपल्या मुलाचे समजून घरी पेढे वाटले, मग येऊन भांडला. आमचे प्राचार्य ते कागद घेऊन स्टाफरूममध्ये आले. मागून बाबू.

“स्क्रीन पर तो लाइनें दिख रही थीं!” प्राचार्य ओरडले.

“सर, कंप्यूटर में तो हैं,” बाबू म्हणाला, “प्रिंटर खा रहा है।”

सगळे हसले. मीही हसले, आणि बोलून गेले, “सर, वो फीकी लाइनें छपती नहीं हैं। बॉर्डर अलग से देना पड़ता है।”

तिथे गप्प बसले असते तर! पण मला येत होतं. प्रयोगशाळेच्या सामानाचे तक्ते मी घरी एक्सेलमध्येच करायचे. ऑफिसात जाऊन बसले. सगळा तक्ता निवडला, आधी सगळीकडे बारीक बॉर्डर, मग बाहेरून जाड. क्रम उलटा झाला की बाहेरची जाड रेघ पुसली जाते, एवढंच त्यातलं शास्त्र. एकूण मार्कांखाली दुहेरी रेघ दिली आणि प्रिंट काढलं. प्राचार्यांनी कागद खिडकीपाशी उजेडात धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “देखो, इसे कहते हैं काम।”

मी खूश झाले. इतकी वर्षं दहावीचे निकाल चांगले लागत होते, तेव्हा असं कुणी म्हटलं नव्हतं.

मग सगळंच माझ्याकडे यायला लागलं. वेळापत्रक, बसचे रूट, परीक्षेची बैठक व्यवस्था. “मैडम, ज़रा बॉर्डर मार दो।” लोक मध्येच एखादी ओळ घालायचे, दुसरीकडून उचलून काहीतरी चिकटवायचे, आणि त्याबरोबर नको तिथे जाड रेघा यायच्या, हव्या त्या गायब व्हायच्या. मी एकेक बघून सरळ करत बसायचे. प्राचार्यांना त्याचा शौकच लागला. आत ठिपक्यांची रेघ हवी, बाहेर मोटी, हेडिंगखाली डबल. आधी माझे रिकामे तास गेले. मग आठवीची प्रॅक्टिकल्स.

मला सगळ्यांत जास्त लागलं ते प्रॅक्टिकल्सचं. आठवीच्या मुलांना मी कांद्याची पातळ साल काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवायचे. डोळा लावला की मूल आधी मान वर करून काचपट्टीकडे बघतं. मग हळूच विचारतं, “मैम, ये वही सब्ज़ी वाला प्याज है?” दर वर्षी कुणीतरी हेच विचारायचं, आणि दर वर्षी मला तेवढाच आनंद व्हायचा. त्या वर्षी काचपट्ट्या कपाटातून बाहेरच आल्या नाहीत.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर प्राचार्यांनी मला नव्या वर्षाचं वेळापत्रक करायला बोलावलं. ते सांगत होते, मी टाइप करत होते. नववी, विज्ञान: त्यांनी एक नवीन नाव सांगितलं. मला वाटलं, सर चुकले. मी थांबले.

“सर, नौवीं-दसवीं तो मेरी हैं।”

“अरे मैडम, इसी साल की बात है। साइंस पढ़ाने वाली तो मिल जाती है, ऑफ़िस सँभालने वाली कहाँ मिलती है?”

“मैं पढ़ाने आई थी, सर।”

“तनख्वाह तो कम नहीं कर रहे ना?” ते हसून म्हणाले. त्यांच्या मते ते माझी तारीफ करत होते. मग वाकून स्क्रीनकडे बघितलं. “और साइंस के पीरियड के चारों तरफ़ मोटी लाइन डाल दो। प्रैक्टिकल अलग दिखना चाहिए।”

मी ती रेघ घातली. दुसऱ्या बाईच्या नावाभोवती, माझ्या हातानं.

घरी नवऱ्याला सांगितलं. ते बँकेत आहेत, माणूस वाईट नाही. म्हणाले, “अगं, पगार तोच, दिवसभर उभं राहणं नाही, खडूची धूळ नाही. लोक तरसतात अशा ड्यूटीला.”

“अहो, पण मला वर्ग हवेत.”

“मग भांड उद्या जाऊन. परवा घरी बसशील. खाजगी शाळा आहे, कोण पुसतं?”

ते बरोबरच बोलत होते, म्हणून जास्त राग आला. त्या रात्री मी जेवले नाही. त्यांनी दोनदा विचारलं, मग आपलं ताट घेऊन टीव्हीपुढे बसले.

पावसाळा संपता संपता दहावीतली एक मुलगी ऑफिसच्या खिडकीशी आली. नववीत माझ्याच वर्गात होती. प्रकाशाचा धडा समजत नव्हता. “न्यू मैम बोलती हैं रट लो,” ती हळू आवाजात म्हणाली. मी टेबलावरचा पाण्याचा ग्लास पुढे ओढला, त्यात पेन्सिल उभी केली आणि म्हटलं, “साइड से देख। कहाँ से टूटी दिख रही है?” ती वाकली. तिच्या चेहऱ्यावर ते यायलाच लागलं होतं, कळल्याचं. तेवढ्यात प्राचार्य आले. “बेटा, मैडम को डिस्टर्ब नहीं करते। क्लास में पूछो।” मुलगी गेली. त्यांनी ग्लास बाजूला सरकवला आणि बसच्या रूटचा कागद माझ्यापुढे ठेवला.

मी दुसरीकडे अर्ज केला. देवास गेटजवळच्या एका शाळेनं बोलावलं. आदल्या दिवशी मी धडा तयार केला होता, बरोबर भिंग आणि लिटमसचे कागद नेले होते. त्यांनी शिकवून दाखवायला सांगितलंच नाही.

“अभी कौन सी क्लास ले रही हैं?”

“अभी ऑफ़िस देख रही हूँ। उससे पहले बरसों दसवीं ली है।”

समोरच्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग त्यातला एक उत्साहानं म्हणाला, “कंप्यूटर आता है? टाइम टेबल वगैरह? हमें ऑफ़िस में भी कोई चाहिए।”

मी पर्स उचलली आणि बाहेर पडले. बस स्टँडवर कंडक्टर देवास, इंदौर ओरडत होते. रडू वगैरे आलं नाही. वाटलं, कोणत्याही बसमध्ये बसावं. मग ऑटो केली आणि घरी येऊन कणीक मळली.

‘इसी साल की बात’ दर वर्षी चालू राहिली. मी शिकवलेली मुलं मोठी होऊन बाहेर पडली, नवी आली, आणि त्यांच्या लेखी मी कधी शिक्षिका नव्हतेच. ती मला बॉर्डरवाली मैडम म्हणायची. हे नाव स्टाफरूममधूनच त्यांच्यापर्यंत गेलं होतं.

शेवटी ते प्राचार्य शाळा सोडून गेले आणि त्यांच्या जागी एक तरुण बाई आल्या. त्यांनी शाळेसाठी सॉफ्टवेअर घेतलं. निकाल, वेळापत्रक, बस, सगळं त्यातून तयार होऊन निघतं. रेघा आपोआप पडतात, कुठली जाड, कुठली बारीक, ते कुणी विचारतही नाही. ते बसवलं त्या दिवशी मला फार हलकं वाटलं. मी लगेच त्यांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हटलं, “अब मुझे क्लास दे दीजिए। आठवीं भी चलेगी।”

त्यांनी मला बसवलं, चहा मागवला. फार अदबीनं बोलल्या. “मैम, सिलेबस पूरा बदल गया है। आपका टच छूट गया है। बच्चों का नुकसान हो जाएगा।”

“मैं पढ़ लूँगी। छुट्टियों में पढ़ लूँगी।”

“आप इतनी सीनियर हैं, आपके लिए कुछ सोचा है मैंने।”

त्यांनी सोचलं होतं ते म्हणजे ॲडमिशनचा काउंटर. आता मी तिथे बसते. पालकांना फॉर्म देते, पाणी विचारते, बसचा थांबा सांगते. परवा एक आई आपल्या मुलीला घेऊन आली होती. मुलीला डॉक्टर व्हायचं आहे म्हणाली. मग काउंटरवर वाकून, बाईनं बाईला विचारावं तसं विचारलं, “सच बताना बहनजी, यहाँ साइंस कैसी पढ़ाते हैं?”

मुलगी माझ्याकडे बघत होती.

“अच्छी पढ़ाते हैं,” मी म्हटलं, आणि फॉर्म पुढे केला.