किल्ल्याच्या गावात घेतलेलं नाव

आमच्या सिंगापुरातल्या जुरोंग ईस्टच्या फ्लॅटमध्ये आम्ही पाच माणसं. आमच्या यांना मुलगा आणि सून बाबा म्हणतात, नात आबा म्हणते, मी अहो म्हणते. यांचं नाव घेणारं माणूस घरात कुणी नाही.

गावी तसं नव्हतं. हे पाटकरी होते. कालव्याचं पाणी पाळीपाळीनं शेतांना सोडायचं, दारं उघडायची, बंद करायची, हे काम त्यांनी नोकरीभर केलं. पाटावरून चालले की दोन्ही बाजूंच्या उसातून नावानं हाका यायच्या. सासूबाई तर ओसरीवर बसून दिवसातून वीस वेळा हाक मारायच्या. मी चुलीपुढं बसून ते नाव ऐकायची. ऐकायला मला आवडायचं. घ्यायचं मात्र नाही, असं आईनं सांगून पाठवलेलं.

इथं बाराव्या मजल्यावर कोण हाक मारणार?

गेल्या वर्षापासून हे विसरायला लागले. आधी चष्मा, मग वार, मग जेवण झालंय की नाही ते. एकदा दवाखान्यात नंबर लागला, आतल्या मुलीनं यांचं नाव तीनदा पुकारलं, तरी हे खिडकीबाहेरच्या झाडाकडे बघत बसले होते. कुणा दुसऱ्यालाच बोलावतायत असं वाटलं त्यांना. मी कोपरानं ढोसलं तेव्हा उठले.

डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी सुनेला बरंच काही सांगितलं, त्यातलं एक सुनेनं मला घरी येऊन सांगितलं.

"आई, त्यांच्याशी बोलायचं असेल तर आधी नावानं हाक मारायची. मग बोलायचं. नाव ऐकलं की लक्ष जागेवर येतं म्हणाल्या. रोज कानावर पडत राहिलं पाहिजे."

"मग तुम्ही मारा हाक."

"आम्ही कशी मारणार? सासऱ्यांना? तुम्हालाच मारायला हवी."

नात टेबलावर अभ्यास करत होती. ती मान वर न करता म्हणाली, "इझी ला, आजी. नाव तर आहे. फक्त म्हण."

मी म्हणून बघितलं. स्वयंपाकघरात पंखा मोठा करून, कढईकडे तोंड करून बघितलं. पहिलं अक्षर ओठापर्यंत यायचं आणि तोंड कोरडं पडायचं. नवल याचं वाटायचं की सही करताना मधलं नाव यांचंच असतं. चौथीपर्यंत शिकले, तेवढ्या अक्षरांवर मी पासपोर्टावर सही केली, बँकेत केली, यांचं नाव शंभर वेळा लिहिलं असेल. हाताला लाज नव्हती, तोंडालाच होती. असे चार महिने गेले. यांचं बघणं दिवसेंदिवस लांबचं होत चाललं, आणि मी रोज रात्री स्वतःला सांगायची की उद्या नक्की.

नोव्हेंबरात मुलाला ऑफिसच्या कामाला जपानात जायचं होतं. नातीला शाळेची सुट्टी होती, सुनेला नव्हती. मुलगा आम्हा तिघांना घेऊन गेला. एक दिवस त्याला मीटिंग होती, म्हणून त्यानं आम्हाला सहलीच्या बसमध्ये बसवून दिलं. किल्ल्याचं गाव, मग समुद्र, संध्याकाळी परत. नातीला त्यानं बजावलं, "आजी-आबांना सोडायचं नाही." नातीनं दहा वर्षांच्या मानानं फार गंभीर मान हलवली.

बस शहराबाहेर पडली तसं धुकं आलं. सिंगापुरात मी धुकं बघितलं नव्हतं, तिथं सगळं कसं लख्ख असतं. खिडकीबाहेर भाताची कापलेली शेतं येत, धुक्यात जात. पुढं गाईडबाई उभी राहून हळू आवाजात काही सांगत होती. तिच्या कमरेला छोटा कर्णा होता आणि हातात पिवळं निशाण. मला शब्द कळत नव्हते, पण आवाज अंगाई म्हटल्यासारखा लागत होता. हे माझ्या खांद्याला टेकून झोपले होते. मला वाटलं, असंच जात राहावं. कुठं उतरू नये.

उतरलो तर समोर किल्ला. आमच्याकडचे किल्ले काळे, उन्हात तापलेले, डोंगरावर चढून बसलेले. हा पांढरा होता, आणि खंदकाच्या पाण्यात दुसरा एक उलटा उभा होता. वाऱ्यानं पाणी हललं की खालचा किल्ला विरघळायचा आणि पुन्हा जमून यायचा. मी बराच वेळ खालचाच बघत होते.

दारात चपला काढायच्या होत्या. प्रत्येकाला एक पिशवी दिली, आपल्या चपला आपण हातात घेऊन फिरायचं. बाकीची मंडळी वाकून नाड्या सोडत होती. मला हसू आलं, कारण एवढ्या दिवसांत ही पहिलीच गोष्ट होती जी मला कुणी शिकवावी लागली नाही. लाकडी जमीन थंड होती आणि पायांनी घासून घासून गुळगुळीत झालेली. जिने माळ्यावरच्या शिडीसारखे उभे. मी निऱ्या खोचून चढले. यांना पुढं घातलं आणि खालून पाठीला हात लावून ठेवला.

वरच्या मजल्यावर छोट्या खिडक्या होत्या. खाली काळी कौलं, त्यांच्या मधून पाण्याच्या बारीक रेघा, आणि अगदी शेवटी एक राखाडी पट्टा. तो समुद्र, असं नात म्हणाली. हे एकदम सरळ झाले.

"पाणी कुठनं येतं विचार गं तिला."

नातीनं गाईडबाईला विचारलं आणि सांगितलं, "आबा, माउंटनवरून येतं. आधी किल्ल्याच्या भोवती फिरतं, मग सगळ्या गल्ल्यांमधून जातं, मग समुद्रात."

"उतार चांगला धरलाय," हे म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांचे डोळे जवळचं काहीतरी बघत होते.

त्या गल्ल्यांमधून आम्ही चालत गेलो. रस्त्याच्या कडेनं दगडी पाट, हातभर रुंद, पाणी इतकं स्वच्छ की तळाचे खडे मोजावेत. त्यात लाल-पांढरे मासे एका जागी उभे असल्यासारखे पोहत होते. घरांच्या वळचणीला सोललेली नारिंगी फळं दोरीत ओवून वाळत टाकलेली. वाहनाचा आवाज नाही, फक्त पाण्याचा. मी चालत होते की पाणी मला नेत होतं, कळत नव्हतं.

तिथं एका दुकानात पायमोजे टांगलेले दिसले. अंगठा वेगळा आणि बाकीची बोटं वेगळी असे. मोजा घातला की चपलेच्या अंगठ्यात पाय शिरत नाही, म्हणून मी थंडीतही मोज्याविना चपला घालते. हे मोजे चपलेत घालता आले असते. मी एक हातात घेऊन बघितला. नात शेजारी येऊन म्हणाली, "आजी, कॅमल फूट." आम्ही दोघी हसलो. वळून बघितलं तर हे नव्हते.

एवढंच झालं. एक मोजा हातात घेऊन बघण्याइतका वेळ.

गल्ली दोन्हीकडं मोकळी होती. नात धावत कोपऱ्यापर्यंत जाऊन आली. गाईडबाईनं बाकीच्या मंडळींना बसकडे पाठवलं आणि ती आमच्याबरोबर थांबली. तिच्या यादीत यांचं नाव होतं. तिनं कर्ण्याचा माईक तोंडाशी धरून हाक मारली. आडनाव आधी, मग नाव, पासपोर्टात लिहिलं असतं तसं, आणि तिच्या बोलीत प्रत्येक अक्षर सुटं होऊन आलेलं. मलाही क्षणभर ते ओळखू आलं नाही. तिनं पाच-सहा वेळा हाक मारली. घरांच्या भिंतींवरून ती परत आली, माणूस आलं नाही.

मला कालवा आठवला. हे कुठं जाणार? पाण्यामागं जाणार. मी नातीला म्हटलं, "पाणी जातंय तिकडं चला." आम्ही पाटाच्या कडेनं निघालो. पाट एका ठिकाणी फुटून दोन झाला, पुढं दोनाचे चार. गल्ल्याही तेवढ्याच फुटल्या.

गाईडबाईनं कर्ण्याचा माईक माझ्यापुढं धरला. नात म्हणाली, "आजी, तू हाक मार. तुझा आवाज त्यांना माहितेय."

मी माईक धरला आणि म्हटलं, "अहो." माझाच आवाज एवढा मोठा ऐकून मी दचकले. "अहो, ऐकलं का? अहो."

कुणी आलं नाही. एका घरातून एक म्हातारी बाहेर आली, वाकून नमस्कार करून आत गेली.

"आजी, अहो नको," नात म्हणाली. ती रडत होती. "नाव. प्लीज, नाव."

मी डोळे मिटले. पहिलं अक्षर ओठापर्यंत आलं आणि तिथंच बसलं, रोजच्यासारखं. पाण्याचा आवाज येत होता. आणि मग मला सुचलं की हे नाव मी आयुष्यात घेतलंय. लग्नात घेतलंय, पूजेला घेतलंय, दर संक्रांतीला हळदी-कुंकवाला घेतलंय, बायकांनी दारात अडवून धरलंय तेव्हा घेतलंय. उखाण्यात घेतलंय. उखाण्यात ते कधी अडलं नाही. ओळीच्या जोरावर, पाटाच्या पाण्यासारखं, आपोआप पुढं यायचं.

मी माईक दोन्ही हातांनी धरला आणि लग्नातला उखाणा म्हटला, त्या परक्या गावात, भर दुपारी.

"पाटाच्या पाण्यावर उसाची सावली, ——रावांच्या आईत मला दिसली माउली."

पहिल्यांदा आवाज कापला. दुसऱ्यांदा कमी कापला. तिसऱ्यांदा मी म्हणत होते तेव्हा उजवीकडच्या बोळातून ओरडून उत्तर आलं, शेताच्या बांधावरून यायचं तसं.

"आलो रे."

बोळाच्या शेवटी, दोन घरांच्या मागं, पाट वळत होता. तिथं लाकडी फळीचं एक छोटं दार होतं. हे त्याच्यापाशी उकिडवे बसले होते, स्वेटरच्या बाह्या वर सारलेल्या, आणि फळीत अडकलेला पाला हातानं काढून कडेला ढीग घातलेला. मला बघून उभे राहिले.

"कोण हाक मारत होतं?"

"मी."

"तू?" त्यांनी कर्ण्याकडे बघितलं, गाईडबाईकडे बघितलं. "अगं, भोंगा लावून? गावात काय म्हणतील?"

"मग काय करू? अहो म्हटलं तर येईनात तुम्ही."

"अहो तर सगळेच असतात," हे म्हणाले आणि ओले हात पँटला पुसले. "पाला तुंबला होता. वरचं पाणी फुगलं असतं."

नातीनं त्यांचा हात धरला तो संध्याकाळपर्यंत सोडला नाही. गाईडबाईला मी काय सांगणार, मी हात जोडले. तिनं वाकून पाल्याचा ढीग बघितला आणि यांच्यापुढंही वाकली. बसमध्ये सगळे वाट बघत होते. मला मान वर करवेना, पण पुढच्या बाकावरच्या सिंगापूरच्याच एका चिनी आजींनी मागं हात करून मला गरम पाण्याची बाटली दिली.

समुद्र धूसर होता. पाइनची झाडं एका बाजूला वाकलेली, वाळू काळपट, लाटा छोट्या, कुणाला उठवू नये अशा येत होत्या. गावातलं पाणी एका दगडी तोंडातून वाळूवर उतरत होतं आणि पसरून नाहीसं होत होतं. हे तिथं जाऊन उभे राहिले.

"इथं येतं होय," ते म्हणाले. मग काही वेळानं, "मघाशी काय म्हणालीस ते परत म्हण."

मी इकडं तिकडं बघितलं. नात पुढं शिंपले गोळा करत होती, यांचा हात तिच्या हातात आणि हे तिच्यामागं वाकलेले. मी कर्ण्याशिवाय, लाटेच्या आवाजाएवढ्याच आवाजात पुन्हा म्हटलं.

"आईचं नाव काढलंस, बरं वाटलं," हे म्हणाले.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "आपण कुठं आलोय?" त्यांचे डोळे परत लांब गेलेले होते. लक्ष असं जात राहणार, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं. मी आधी नाव घेतलं. नुसतं नाही आलं, पुढंमागं दोन शब्द जोडावे लागले, वाटेतच जुळवले.

"परक्या मुलखात पाण्याकडेनं चालली पावलं, ——रावांचं नाव घेतलं, हरवलेलं माणूस गावलं."

ते माझ्याकडे वळले. मग मी सांगितलं, "समुद्रावर आलोय."

"हां," ते म्हणाले. "समुद्रावर."

आता इथं सिंगापुरात रोज संध्याकाळी आम्ही दोघं इमारतीखालच्या तळ्याकाठी जातो तेव्हा मी एक नवा उखाणा घेते. जुने पुरत नाहीत, म्हणून ही वही केली. वहीत नावाची जागा रिकामी ठेवते. हाताला येतं ते मला माहीत आहे, ते तोंडानंच भरायचं. सून म्हणते, आई, नुसतं नाव घेतलंत तरी चालेल. मला नाही चालत. नात यमकं सुचवते, त्यात अर्धी इंग्रजी असतात. परवा एमआरटीचा, म्हणजे इथल्या लोकलगाडीचा, उखाणा केला, तो यांना आवडला नाही. हे ऐकून घेतात, कधी हसतात, कधी नुसते वळून बघतात. कधी वळतही नाहीत, तेव्हा मी तोच पुन्हा म्हणते.

आजचा अजून जुळलेला नाही. "बाराव्या मजल्यावरून दिसतं तळ्याचं पाणी" इथपर्यंत आलाय. हे चपला घालून दारात उभे आहेत.