आमच्या कॅरॅव्हॅनची दुसरी बॅटरी

जुनी गाडी घेतली की तिच्यात सामान कमी अन् किस्सेच जास्त भरतात. आमची व्हॅन पहिले फिरता दवाखाना होती, भिलाईजवळच्या जुनवानीत एकाच्या अंगणात उभी. आमचे हे, म्हणजे माझा नवरा, तिले 'कॅरॅव्हॅन' म्हणतात. कॉलनी अजून 'दवाखाना'च म्हणते. एक काका तर बीपी तपासाले आले होते!

घेतली ती आईसाठी. आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यायले गोंदियाकडच्या गावी मोठ्या बहिणीले भेटाचं होतं, चार वर्षं झाले. पण इन्सुलिन थंड ठेवा लागते, अन् गावात लाइटीचा भरोसा नाही. म्हणून गाडीत छोटा फ्रिज. तो चालला तर बहीण, नाही तर फोन!

*

पहिले ह्यायनं फ्रिज गाडीच्याच बॅटरीवर जोडला. ट्रायल म्हणून सिविक सेंटरच्या बाजारात गेलो. चाट खाऊन परत येतो तर फ्रिजमधलं दही एकदम गार!

गाडी पण गार. सगळी बॅटरी फ्रिजनं पिऊन टाकलेली.

हे स्टिअरिंगवर, अन् मी साडी खोचून मागून धक्का मारून राहिली. आई आत बसूनच. म्हटलं, "आई, जरा उतरता का?"

"मी पेशंट आहो!"

*

मग ठरलं, इंजिनची बॅटरी वेगळी, फ्रिजची वेगळी. स्टील प्लांटमधून ह्यायच्याच इलेक्ट्रिकल डिपार्टमेंटचे वानखेडे भाऊजी मदतीले आले. काम काय? एक बॅटरी, एक फ्यूज, एक मेन स्विच, चार वायरी.

तीन रविवार लागले!

पहिल्या रविवारी ड्रॉइंग काढलं. दुसऱ्या रविवारी ड्रॉइंगवरून भांडण. तिसऱ्या रविवारी दोघंही हेल्मेट अन् रबरी हातमोजे घालून हजर. माझ्या किचनची ट्यूबलाइट होळीपासून बंद हाय, ते गोष्ट वेगळी.

"भाऊजी, बारा व्होल्टची तर बॅटरी हाय, हेल्मेट कावून?"

"वहिनी, सेफ्टी फर्स्ट!" म्हणाले, अन् उठता उठता वरच्या कपाटाले डोकं असं आपटलं की कपाटच उघडलं.

हेल्मेट होतं म्हणून वाचले.

*

माझाही पराक्रम सांगून टाकते. मोबाईल चार्ज कराले गाडीत छोटा इन्व्हर्टर लावला होता. मले वाटलं, प्लग तो प्लग. निघाच्या आदल्या दिवशी लावली इस्त्री! इन्व्हर्टर असा किंचाळला, की घरातून आई ओरडल्या, "कोण आलं?"

फ्यूज गेला.

"इस्त्री?" हे म्हणाले.

"एकच पदर होता!"

भाऊजी परत आले. स्विच बंद केला, त्यावर लाल टॅग लटकवला: 'काम चालू आहे. स्विच लावू नये.' खाली सही. प्लांटचा नियमच हाय, ज्यानं टॅग लावला त्यानंच काढाचा, दुसऱ्यानं हात लावाचा नाही. तिकडे लाइनवर माणसाचा जीव असते. फ्यूज बदलला, चहा पिला, भाऊजी गेले.

*

सकाळी निघालो. राजनांदगावच्या पुढे ढाब्यावर गाडी थांबवली. आईच्या सुईसाठी फ्रिज उघडला, तर आत भट्टी! मेन स्विच बंद, अन् त्यावर भाऊजीचा टॅग तसाच डुलून राहिला.

"काढा न तो!" मी म्हटलं.

"दुसऱ्याचा टॅग? बावीस वर्षांच्या नोकरीत नाही काढला!"

"अहो, इथं कोणाचा हात वायरीवर हाय?"

"नियम तो नियम."

भाऊजीले फोन लावला. त्यायची पहिली पाळी, मोबाईल लॉकरमध्ये. ह्यायनं किल्ली उचलली. "भिलाईले परत जाऊ. तो येऊन काढन, मग पाहू."

आईचं तोंड एवढंसं झालं. बहिणीचा सकाळपासून दोनदा फोन येऊन गेला होता, "कुठवर आली?"

आईनं माझ्याजवळून पेन घेतला. औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, काहीतरी लिहिलं, अन् वाटेत खाले घेतलेल्या पाटवडीच्या डब्याच्या कडीले दोऱ्यानं बांधून दिला.

'काम चालू आहे. डबा उघडू नये.' खाली सही.

ह्यायनं डब्याकडे पाहिलं. टॅगकडे पाहिलं. परत डब्याकडे पाहिलं. मग रबरी हातमोजे घातले, भाऊजीचा टॅग काढला, स्विच लावला. फ्रिज घुर्र करून सुरू!

हात धुऊन हे डब्यासमोर येऊन बसले. "आई, काढा आता तुमचा टॅग. भूक लागली."

आईनं फ्रिजच्या आत हात घालून पाहिला.

"अजून थंड नाही झाला. सेफ्टी फर्स्ट!"