भिडूच्या हातावर हुकूम

डेअरीतून दूध आण म्हटलं की गंधार जँडल्स, म्हणजे पायातल्या चपला, हातात घेऊन पळायचा. येताना बाटली काखेत घट्ट धरून, फुटपाथवरच्या पोरांना हुलकावण्या देत घरी. इथे परदेशात, आमच्या ओटाहुहूत, सगळ्यांनी ते बघितलंय. पुढे त्याला पगार मिळाला तो ह्याच कामाचा, फक्त बाटलीच्या जागी बॉल आला.

रग्बी लीगमध्ये हा माझा नातू बॉल घेऊन सरळ माणसांच्या भिंतीत घुसतो. मी चौथी शिकलेली बाई. म्हटलं, "अरे, जिथे कुणी नाही तिथून पळ की!"

"आज्जी, दे पे मी फॉर द वॉल."

त्याचा बाप मकरंद, म्हणजे माझा मुलगा, पेनरोजच्या कारखान्यात इंजिनीअर. पोराने कॉलेज सोडलं तेव्हा घरात बोलत नव्हता. मोठ्या क्लबाने गंधारला करारावर घेतलं तसा त्याच क्लबाची टोपी घालून कामावर जायला लागला.

ह्या हिवाळ्यात, इकडे तो ऑगस्टपर्यंत असतो, एका मॅचला दोघांनी गंधारला उचलून डोक्यावर आपटला. उठला आणि समोरच्या टीमच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला. लोक हसले. पुढे डॉक्टरांच्या तपासणीत मात्र पास!

पास का, ते त्यानेच मला आधी सांगितलं होतं. मोसमाच्या सुरुवातीला कॉम्प्युटरवर डोकं तपासतात. तो आणि त्याचे दोस्त ती परीक्षा मुद्दाम वाईट देतात. मार लागल्यावर पुन्हा घेतली की मार्क तेवढेच. "स्वीट अ‍ॅज, आज्जी!" म्हणजे एकदम झकास. नापास व्हायला एवढी हुशारी लावणारी पोरं मी पहिल्यांदाच बघितली.

मंगळवारी आमचा मेंढीकोट असतो. मी आणि गंधार भिडू, समोर मकरंद आणि सूनबाई इरावती. त्या मंगळवारी गंधारने विचारलं, "हुकूम काय?"

"इस्पिक," मी म्हटलं.

थोड्या वेळाने पुन्हा, "हुकूम काय?"

मग बदामाचा एक्का टाकून मी हात जिंकत होते, तर ह्याने माझ्याच हातावर हुकूम मारला. लहानपणापासून हा पोरगा माझा भिडू, असं कधी केलं नव्हतं. मी मकरंदकडे बघितलं. त्याने पानांत तोंड घातलं.

गंधार आत गेल्यावर मकरंद म्हणतो, "आई, शनिवारी फायनल आहे. मग पुढचा करार. गप्प बस."

"तुझ्या टोपीच्या आत काही आहे का रे?" मी म्हटलं. इरावती रडत भांडी विसळत होती.

फायनलच्या आधी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत गंधारचा सत्कार होता. शाल, नारळ, सेल्फी. "खेळून पोट भरतं का?" म्हणणारे सगळे पुढच्या रांगेत. क्लबाचा मॅनेजरही कुर्ता घालून मोदक खात होता. मंडळाच्या विभावरीताईंनी माईक माझ्यापुढे धरला. "आज्जी, दोन शब्द!"

मी माईक ओढून घेतला. म्हटलं, "ह्याला हुकूम आठवत नाही. त्या दिवशी डोकं आपटल्यापासून. परीक्षेत लबाडी करून पास झालाय. बापाला ठाऊक आहे. शनिवारी ह्याला मैदानात सोडलंत तर ही शाल त्याच्या अंगावर कशासाठी पांघरताय, ते सांगा मला."

टाळ्या वाजल्या नाहीत. इरावती उठली आणि मॅनेजरला तेच सगळं इंग्रजीत सांगितलं. शेवटचं वाक्यसुद्धा.

शनिवारी गंधारला मैदानाबाहेर बसवलं. टीम हरली. मंडळात आता मला चहा देतात, पण बोलत नाहीत. नाही तर नाही. मकरंदची टोपी खुंटीला आहे, आणि करार होईल की नाही हे डोक्याचे डॉक्टर ठरवणार आहेत.

मंगळवारी गंधार समोर बसला. पानं पिसली, वाटली.

"यू हॅड नो राइट, आज्जी. आय'म सो अँग्री."

"मी पण," मी म्हटलं. "हुकूम काय?"

त्याने पानं उचलून लावली. मग पानं उपडी ठेवली आणि मराठीत म्हणाला, "तू सांग."