शेवयांवर मोफत कुकर

मागच्या उन्हाळ्यात कामरगावच्या किराणा दुकानात शेवयांच्या पाकिटावर मी कुकरचं चित्र पाहिलं. चांगला पाच लिटरचा, चकचकीत. शेजारी मोठ्या लाल अक्षरांत ‘पाच रिकाम्या पाकिटांच्या पट्ट्यांवर कुकर मोफत!’ आमच्या घरच्या कुकरची शिट्टी तेव्हा वाजायची कमी आणि गळायची जास्त. मी एकदम पाच पाकिटं उचलली.

मग पंधरा दिवस घरात शेवयाच शेवया. सकाळी तिखट, संध्याकाळी दुधातल्या. मळ्यातून वांगी तोडून आलेला माझा नवरा ताटाकडे पाहून म्हणाला, “आजबी शेवया? कायले एवढं करून राह्यली? मी आणून देतो ना तुले कुकर!”

“फुकट भेटते त विकत काहून घ्याचा?” मी म्हटलं.

पाचही पाकिटांच्या पट्ट्या कापून मी दुकानात नेल्या. दुकानदार चाचांनी काउंटरखालचं खोकं उघडलं आणि कुकर माझ्या तळहातावर ठेवला. सुपारीएवढा, प्लास्टिकचा, किल्ल्या अडकवायची कडी लावलेला.

चाचा ओशाळले. “वैनी, खुदा कसम, हे खोकं आजच आलं. मलेबी आताच समजलं.” चष्मा पुसून त्यांनी एक पाकीट उन्हात धरलं. तळाशी मुंगीएवढी अक्षरं होती: ‘चित्र केवळ नमुन्यादाखल. भेटवस्तूचा आकार वेगळा असू शकतो.’

राग यायचा तो राहिला बाजूला, मला हसूच फुटलं. मी चाचांकडून पुठ्ठा आणि स्केचपेन मागून घेतला, ‘भेटणारा कुकर हाच’ असं ठसठशीत लिहिलं आणि पुठ्ठ्याखाली तो कुकर दोऱ्यानं लटकवला. चाचांनी तो पुठ्ठा शेवयांच्या पाकिटांसमोरच टांगला. येणारं गिऱ्हाईक आधी कुकर हातात घेऊन पाही, हसे आणि बिनबक्षिसाच्या साध्या शेवया मागे.

आठवड्याभरानं मी साखर घ्यायला गेले, तर कंपनीचा माणूस चाचांशी हुज्जत घालत होता. “चाचा, हे काढा. माल कसा खपीन?”

“तुमचंच बक्षीस हाय, बाप्पा. लोकायले दाखोलं त काय बिघडलं?”

 शेवटी तो चाचांनी दिलेला चहा प्यायला आणि उरलेली पाकिटं टेम्पोत टाकू लागला. पुठ्ठा मी लिहिला हे त्याला चाचांकडून कळलं होतं. जाता जाता माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “ताई, आमच्या घरीबी बायकोनं चार पट्ट्या जमवून ठेवल्या. तिले आता कसं सांगू?”