न वाजलेला भोंगा

एंटर दाबण्याआधी दाजी हात पाठीमागे बांधत आणि संगणकाच्या पडद्यावरची आज्ञा देवळात गाऱ्हाणं घातल्यासारखी मोठ्यानं म्हणत. अमुक अ‍ॅप, अमुक आवृत्ती, अमुक फोनवर. मालवणच्या त्या कचेरीत आम्ही दोघंच, ते वरिष्ठ आणि मी त्यांच्या हाताखाली. मी "होय म्हाराजा" म्हटल्याशिवाय ते मला एंटर दाबू देत नसत. मी हसले की म्हणत, "गो, तू काय सांगलंस आणि ह्या मशिनान काय आयाकल्यान, ह्यो दोन वेगळ्यो गोष्टी."

आमचं अ‍ॅप होड्यांसाठी. वादळी वाऱ्याचा इशारा आला की खलाशांच्या फोनवर भोंगा वाजायचा. चाचणीच्या आवृत्तीत तो बंद असे, म्हणून ती पाठवताना आज्ञेच्या शेवटी 'फक्त कचेरीचे फोन' असा ऑप्शन लिहायचा. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं.

त्या सकाळीही गाऱ्हाणं झालं, होय म्हाराजा झालं, मी एंटर दाबला. दहाला कचेरीच्या पडद्यावर इशारा आला. दाजींच्या खिशातला त्यांचा स्वतःचा फोन वाजायला हवा होता, त्यावर खलाशांचंच अ‍ॅप होतं. तो गप्प. दाजींनी सकाळच्या आज्ञेची नोंद उघडली. अ‍ॅप तयार करून पाठवणाऱ्या बिल्ड टूलच्या नव्या आवृत्तीनं शेवटचा ऑप्शन मुकाट गिळला होता. ना चूक दाखवली, ना सूचना. मुकं अ‍ॅप सगळ्या होड्यांवर गेलं होतं, आणि माझे बाबा समुद्रात होते.

दाजींनी जुनं अ‍ॅप सगळ्यांना परत पाठवलं. किनाऱ्याजवळच्या होड्या फिरल्या. बाबा रेंजबाहेर, वायरलेसवरही उत्तर देईनात. आम्ही बंदरावर धावलो.

"टूल काल मीच बदललंय गो," दाजी वाटेत म्हणाले. "जुन्यात चलता ता नव्यात चलतलाच, असा धरून चललंय." समुद्र खवळला होता. पन्नाशीचा तो माणूस माझा हात घट्ट धरून उभा होता. मी देवाचं नावही नीट घेऊ शकत नव्हते.

दोन वाजता होडी आली. एक बाजू फुटलेली, बाबांच्या कपाळातून रक्त. दाजी पुढे झाले. "चूक माझी आसा. पोरीक काय बोलू नको."

बाबा दमून म्हणाले, "चाळीस वर्सां आभाळ बघून माघारी फिरलंय. आजव काळा दिसला, पण तुमचो भोंगो वाजाक नाय. म्हटला, तुम्ही शिकलेली माणसां, तुमका जास्त कळता."

दाजी तिथेच ओल्या वाळूत खाली बसले.